एकवीस दिवसांचं नाक

केरबा चौगुल्याला बिडी सोडून चार दिवस झाले होते, आणि पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच गुळाचं आधण बिघडलं.

गार करायच्या वाफ्यात ओतलेला गूळ अर्धा तास झाला तरी थिजेना. फावडं फिरवावं तर मागं रेघ उरत नव्हती. पाण्यात काठी फिरवावी तसं सगळं पुन्हा सपाट. गडी एकमेकांकडं न बघता नुसते वाफ्याकडं बघत उभे राहिले. कुणाच्या घरी मर्तिक झालं तर काय बोलावं हे माणसाला ठाऊक असतं. केरबाचं आधण बिघडल्यावर काय बोलावं हे पाडळवाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तसं कधी घडलं नव्हतं.

गुऱ्हाळाचा मालक अभिनंदन मगदूम पस्तिशीचा, वडिलांच्या मागं धंदा सांभाळणारा शांत माणूस. काकवी म्हणून खपवू, तात्या, एवढंच तो म्हणाला आणि डबे आणायला सांगून निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर केरबाला बरं वाटलं असतं. केरबानं हात धुतले, आणि ओला उजवा हात आपसूक कोटाच्या खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. चार दिवसांत तो हात असा शंभरदा जाऊन परत आला होता. चुकल्या म्हशीनं जुन्याच गोठ्यासमोर जाऊन उभं राहावं तसा.

उसाचा रस काहिलीत आटवून त्याचा गूळ करतो तो गुळव्या, हे आता सांगावं लागतं. कुंभी नदीच्या काठाला एकेकाळी चाळीस गुऱ्हाळं होती, आता तीन राहिली. ऊस यंत्रं तोडतात, औषध उडती यंत्रं मारतात, पण हातच्या गुळाला अजून गिऱ्हाईक आहे आणि ते गिऱ्हाईक जिभेनं हुशार आहे. मगदुमांचा गूळ दुबईपासून जपानपर्यंत जायचा तो केरबाच्या हातामुळं. रस उकळला, रस साफ करायला भेंडीचं पाणी घातलं, वर आलेली घाण, म्हणजे मळी, एकदा काढली, दुसऱ्यांदा काढली, इथवर कुणीही येतं. पुढची दहा-पंधरा मिनिटं गुळव्याची. रस पिकण्याच्या अगोदर तीन मिनिटं त्याला कळावं लागतं, कारण आरोळी दिल्यापासून चुलवाणातला, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीतला, जाळ ओढून, चौघांनी साखळी खेचून काहील उतरवेपर्यंत तेवढा वेळ जातो. गार पाण्यात गोळी करून बघता येते, पण गोळी सांगते ती झालेली गोष्ट. पुढं होणारी गोष्ट गोळीला कळत नाही.

केरबाची रीत ठरलेली होती. दुसरी मळी निघाली की तो चुलवाणाच्या कट्ट्यावर वाफेत तोंड करून बसायचा आणि बिडी पेटवायचा. बिडी दोऱ्यापर्यंत जळत आली की उठायचा, नाकानं एकदा वाफ ओढायचा आणि "धरा" म्हणायचा. चौतीस वर्षं. आजूबाजूच्या तीन गावांत म्हण पडली होती, केरबाची बिडी दोऱ्याला आली, गूळ आला. आता बिडीच नव्हती.

ती सोडायची वेळ श्वासानं आणली. गेल्या हंगामाच्या शेवटी फावडं मारता मारता तो खाली बसला तो उठेना. यंदा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर रेहाना मुजावर यांनी त्याला एका नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, काका, छाती निम्म्याहून कमी उरली आहे. चुलवाणाचा धूर आणि बिडीचा धूर, दोन्ही चालणार नाहीत, एक निवडा. केरबानं विचारलं होतं, चुलवाण निवडलं तर किती वर्षं. बाई म्हणाल्या, बिडी खरोखर सुटली तर दहा-पंधरा, नाही सुटली तर दोन. मग त्यांनी कपाटातून बोटाएवढी एक कुपी काढली. तिच्या तोंडाला नाकात घालायची चोच होती.

हे औषध नवं होतं, चार वर्षांपूर्वीचं. बाईंनी ते त्याला पाटीवर चित्र काढून समजावलं. तंबाखूतलं निकोटिन मेंदूत जाऊन बसतं, त्याला बसायला मेंदू खुर्च्या टाकतो. रोज पाहुणे येतात म्हटल्यावर खुर्च्या वाढत जातात. बिडी बंद केली की पाहुणे येत नाहीत आणि रिकाम्या खुर्च्या आरडाओरडा करतात, तीच तलफ. या औषधातले कण त्या खुर्च्यांवर बसतात, पण नुसते बसतात, गंमत काही करत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत मेंदूला कळतं की पाहुण्यांत काही राम नाही, आणि तो खुर्च्या मोडायला लागतो. औषध तलफेचे दात पाडतं. हिरड्यांनी चावते ती चावतेच, ते तुम्हाला सोसायला लागेल.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती अधिक महत्त्वाची होती. रक्तातून औषध मेंदूत शिरत नाही, वाटेत भिंत आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी नाकाची वाट धरली. शरीरातल्या बहुतेक नसा एकदा मेल्या की मेल्या. वास घेणाऱ्या पेशी मात्र जन्मभर नव्यानं उगवत असतात, आणि त्यांची मुळं थेट मेंदूत जातात. औषध त्या कोवळ्या मुळांवर बसून आत जातं. ती मुळं भरपूर हवीत म्हणून त्यात ती झपाट्यानं वाढवणारा पदार्थ मिसळलेला. त्यामुळं एकवीस दिवसांत माणसाला जवळजवळ तान्ह्या पोराचं नाक मिळतं. पण त्या एकवीस दिवसांत एकदा जरी बिडीचा झुरका ओढला, तरी कोवळी मुळं जळतात, आणि शरीर या औषधाला वैरी समजायला लागतं. पुन्हा ते लागू पडत नाही.

"एकदाच मिळतं, काका," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा मागायला आलात तर माझ्याकडं द्यायला काही नसंल."

या नव्या नाकांनी चार वर्षांत बऱ्याच गमती केल्या होत्या. कुणी शेजाऱ्याच्या गटाराचा वास सहन होईना म्हणून घर विकलं. कुणी होणाऱ्या नवऱ्याचा अत्तराखालचा घाम कळला म्हणून लग्न मोडलं. मसाल्याच्या आणि चहाच्या कंपन्यांनी अशा माणसांना शोधून शोधून कामावर घेतलं. सातारच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं गॅसची गळती शेजारच्या गल्लीतून ओळखली आणि चार घरं वाचवली, असं लोक सांगत. केरबानं हे सगळं ऐकलं होतं. आपल्याला असं नाक आलं तर गूळ आणखी चांगला होईल, असं त्याला वाटलं होतं.

झालं उलटंच. पाचव्या दिवशी वाफेला पिकल्या गुळाचा तो खमंग वास आला, अगदी भरभरून, आणि केरबानं "धरा" म्हटलं. तो वास आधीही तसाच यायचा, पण केरबाच्या धुरानं करपलेल्या नाकाला तो अगदी शेवटी, टोकाला गेला की मगच जाणवायचा. नव्या नाकाला तो पाच मिनिटं अगोदर कळला. बहिऱ्या माणसाला एकदम ऐकू यायला लागावं आणि त्यानं लांबचा माणूस जवळ आला समजून दार उघडावं, तसं झालं.

घरी तलफेचा हिसका हौसाबाईला बसत होता. पहिले तीन दिवस केरबा भाकरी जाड झाली म्हणून भांडला, भाकरी पातळ झाली म्हणून भांडला, आणि तिसऱ्या संध्याकाळी भांडायला काही सापडेना म्हणून भांडला. खोकला कमी व्हायचा सोडून वाढला. छातीतली मळी निघालीया, काढल्याबिगर गूळ कसा व्हायचा, असं हौसाबाईनं त्यावर ठरवून टाकलं. पोट साफ होईना. चहा झाला की बोटं एकमेकांवर घासत बसायचा. दर वेळची ओढ तीन-चार मिनिटंच टिकते, बाईंनी सांगितलं होतं. पण ती तीन-चार मिनिटं म्हणजे काटा रुतलेल्या पायानं चार फर्लांग. हौसाबाई त्याच्या पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा टाकायची. तो शेंगा फोडत राहायचा, टरफलांचा ढीग व्हायचा, आणि ओढ पुढं निघून जायची.

"बिडी सुटली न् जीभ सुटली व्हय तुमची?" चौथ्या दिवशी ती म्हणाली. "पस्तीस वर्षांत बोलला न्हाईसा तेवढं चार दिसांत बोललायसा. ऱ्हाऊ द्या, चालूच ठेवा, मला करमतंय."

सातव्या दिवशी दुपारी केरबा परड्यात गेला तेव्हा दोन दोऱ्यांवर कपडे वाळत होते. एकीवर हौसाबाईची लुगडी, टॉवेल, चादरी. दुसऱ्या दोरीवर, लांब आंब्याजवळ, फक्त त्याचे कपडे. लग्न झाल्यापासून ती दुसरी दोरी तिथं होती. केरबाला वाटायचं, बायकांची काही तरी रीत असेल. त्या दिवशी त्यानं आपला कोट नाकाशी धरला आणि झटकन लांब केला. ओली राख, कुजलेली पानं, शिळा घाम. धुतलेल्या कपड्याला हा वास, मग अंगाला काय असेल.

हौसाबाई दारात उभी होती. त्यानं विचारलं, हा वास तुला कायम येत होता का. ती म्हणाली, व्हय. तो म्हणाला, कधी बोलली न्हाईस. ती म्हणाली, बोलून काय, तुमास्नी येत न्हवता, भांडान झालं असतं.

केरबा दोरीकडं वळला. त्यानं सगळे कपडे घेतले, दगडावर बसून साबण लावून तीनदा धुतले, आणि वाळत घालताना ते तिच्या लुगड्यांशेजारी घातले. तिनं ते बघितलं, पण काढले नाहीत.

गुऱ्हाळात त्याच्या नाकाचा दरारा बसला. चुलवाणात चिपाडं घालणारा दगडू नाईक सकाळी थोडी घेऊन यायचा, तो आता वाऱ्याच्या खालच्या अंगानं उभा राहायला लागला. साखळीवरचा शंकर घरी भांडून हॉटेलात जेवला, हे केरबानं त्याच्या श्वासातल्या रश्शावरून ओळखलं. गडी म्हणायचे, तात्या, तुमच्यासमोर श्वास घ्यायची सोय न्हाई राहिली. हसणं व्हायचं. पण काहिलीपाशी आलं की हसू बंद व्हायचं.

आठव्या दिवशी अभिनंदननं तोड काढली. त्याच्या फोनमध्ये गेल्या वर्षीची एक चित्रफीत होती, परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेली. तीत केरबा बिडी पेटवतो इथपासून "धरा" म्हणतो इथपर्यंत सलग होतं. मोजलं तर सहा मिनिटं चाळीस सेकंद. मग बिडी कशाला पाहिजे, घड्याळ लावू. केरबालाही पटलं. दुसरी मळी निघाली, फोनवर घड्याळ लागलं, केरबा हात बांधून उभा राहिला. चार मिनिटांवर त्याच्या नाकात करपल्याची टोचणी आली. त्याला वाटलं, नाक पुन्हा घाई करतंय, पाचव्या दिवशीसारखं. त्यानं घड्याळावर भिस्त ठेवली. सहा चाळीसला "धरा" म्हणाला. वाफ्यात पडला तो गूळ काळा होता आणि दाताला चिकटेल असा कडू.

दुसऱ्या दिवशी चुलवाणाच्या कडेला एक सळई उभी राहिली. पोलादी, हातभर लांब, वर छोटा पडदा. एका कंपनीनं हंगामभर वापरून बघायला दिली होती. रसात बुडवायची, ती तापमान बघते आणि वेळ झाली की हिरवा दिवा लावते. अभिनंदन ती दाखवताना केरबाच्या डोळ्यांकडं बघत नव्हता. त्यानं अवघडून सांगितलं की परदेशचा माल बांधलेला आहे, आणखी एक आधण गेलं तर तो माल वेळेत जाणार नाही. दोन आधणं गेली, तिसरं तात्यांचं. ते साधलं तर सळई परत. नाही साधलं तर पुढं सळईवर चालू, आणि तात्यांनी उसाच्या मोळ्या बघायच्या, पगार तोच. तात्यांनी हवी तेवढी विश्रांती घ्यावी, बाराव्या दिवशी आधण लावू.

"पगाराचं नको सांगू," केरबा म्हणाला. "मोळ्या बघायला माणूस लागत न्हाई. खुंटी मारली तरी चालंल."

त्या तीन दिवसांत केरबाला कळून चुकलं की तराजूच्या एका पारड्यात त्याची छाती होती आणि दुसऱ्यात त्याचा हात. एक बिडी ओढली तर हात परत येईल, सगळं जुनं जागेवर बसेल, आणि दोन वर्षांनी माती. नाही ओढली तर दहा-पंधरा वर्षं, मोळ्या बघत. हौसाबाईला त्यानं हे सांगितलं. त्याला वाटलं, ती बिडीला शिव्या घालील. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, तुमी काहिलीपासनं लांब बसल्यालं मला बघवायचं न्हाई, आणि तुमी मेल्यालंबी बघवायचं न्हाई, तवा तिसरं कायतरी हुडका. एवढं बोलून उठली.

बाराव्या दिवशी ऊस आला तो नदीकाठच्या मळ्याचा, पावसाळ्यात आठ दिवस पुरात उभा राहिलेला. रसाला किंचित आंबूस झाक होती. सळईला त्याचं काही नव्हतं, ती आपल्या आकड्यांवर शांत होती. रस उकळायला लागला. पहिली मळी निघाली. वाफ एवढी दाट की समोरचा माणूस दिसेना.

केरबाला त्या वेळी जी ओढ आली ती बारा दिवसांतली सगळ्यांत मोठी. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, एक ओढ, मग हात आपला. दगडू वाफेतून शेजारी आला. त्यानं आपली बिडी आणि काडेपेटी केरबाच्या हातात ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "तात्या, कुणाला कळायचं न्हाई. म्या न्हाई सांगणार. एवढं आधण निघू द्या, मग सोडा परत."

दगडू मनानं वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो मदत करतोय. आणि केरबानंही ती घेतली. बिडी ओठात धरली. तेंदूच्या पानाचा वास नव्या नाकाला गवतासारखा आणि जुन्या घरासारखा, दोन्ही आला. तो नेहमीच्या जागी, कट्ट्यावर, वाफेत तोंड करून बसला, आणि काडी ओढली.

काडी फुरफुरली आणि विझली. त्यानं दुसरी ओढली. ती जेमतेम पेटली, निळी झाली आणि वाफेनं मिटली. तिसरीचं गुल नुसतंच सुटून पडलं. दगडू म्हणाला, ओल लागलीया, बाजूला या, आडोशाला पेटवा.

केरबा उठला नाही. बिडी ओठात तशीच. चौथी काडी हातात, आणि डोळे काहिलीवर. त्याला काही तरी आठवत होतं. पहिल्या मळीनंतर काडी कधीच पेटायची नाही. तरुणपणी पहिल्या दोन हंगामांत तो घाई करायचा, काड्या फुकट जायच्या, सगळे हसायचे. मग त्यानं सोडून दिलं, दुसऱ्या मळीनंतरच पेटवायला लागला, कारण तेव्हा ती पेटायची. पण पेटली तरी लगेच रंगात यायची नाही. सुरुवातीला बिडी चिवट चालायची, विझायची, दोन-दोन ओढी जास्त घ्याव्या लागायच्या. मग एका क्षणाला ती मोकळी व्हायची, भरभर जळायची आणि दोऱ्याला यायची. कधी पाच मिनिटांत, कधी नऊ मिनिटांत. चित्रफितीत सहा चाळीस लागली ती त्या दिवशीच्या रसाची वेळ होती. दुसऱ्या दिवशीच्या रसाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

म्हणजे बिडी घड्याळ नव्हतीच. रसातलं पाणी सरेपर्यंत वाफ ओली असते, आणि ओल्या वाफेत बिडी दम धरत नाही. पाणी सरत आलं, रस घट्ट झाला, की वाफ कोरडी पडते आणि बिडी धावायला लागते. बिडी वाफेची ओल मोजत होती. चौतीस वर्षं तो वाफ वाचत होता आणि बिडीला श्रेय देत होता.

त्यानं बिडी ओठातून काढली. ओठांना लागलेली ओल कोटाच्या बाहीला पुसली, आणि बिडी दगडूच्या हातात परत दिली.

"काडेपेटीबी ने," तो म्हणाला. "मला कळलं."

"काय कळलं?"

"जाळ ठेव मोठा. सांगतो तवाच ओढ."

वाफेतली ओल बघायला आता त्याच्याजवळ काय होतं? नाक होतं. जगातलं नवं कोरं नाक. त्याच्या आतली कोवळी कातडी वाफ आली की भिजत होती, श्वास सोडला की सुकत होती. आजवर त्याला फक्त वासाची घाई झाली होती. आता त्यानं वासाकडं लक्ष देणंच सोडलं. तो ओलीकडं लक्ष द्यायला लागला. म्हातारपणी पाटी घेऊन बसलेल्या माणसाला आधी नुसत्या रेघा दिसतात, मग एक अक्षर ओळखू येतं, आणि मग ते अक्षर सगळीकडं दिसायला लागतं, तसं ते होत गेलं. दुसरी मळी निघाली. वाफ नाकात शिरली की पाण्याचा थर बसत होता, जड, पावसाळी. थोड्या वेळानं थर पातळ झाला. मग तुटक झाला, एका श्वासाला ओला, एका श्वासाला कोरडा. पुरातल्या उसाची आंबूस झाक वर आली आणि विरली. खमंग वास केव्हाचा सुटला होता, केरबानं त्याला दारात उभं ठेवलं.

सळईच्या पडद्यावर अभिनंदनची नजर होती. हिरव्याला अजून चार अंश बाकी होते.

केरबाच्या नाकपुड्यांच्या कडा एकदम सुकल्या. भट्टीसमोर उभं राहिल्यावर ओठ सुकतात तसं. त्यानं दोन श्वास थांबून बघितलं, तिसराही कोरडा होता.

"धरा," तो म्हणाला.

शंकरनं साखळीला हात घातला आणि तसाच थांबला. तो मालकाकडं बघत होता. सगळेच मालकाकडं बघत होते. अभिनंदननं पडद्याकडं बघितलं, मग केरबाकडं. काहिलीत फेस लहान झाला होता, फोड जाडसर फुटत होते. बघायला तर अजून झालं नाही असंच वाटत होतं.

"तात्या, चार अंश हाईत अजून."

"ते चांगल्या उसाला. हा पुरातला हाय. पुराच्या उसाला चार अंश थांबशीला तर पुन्यांदा कडू खाशीला." केरबाचा आवाज चढला नाही. "तुझी सळई कधी पुरात उभी ऱ्हायली न्हाई, अभिनंदन. तिला दोष न्हाई. पर आता धर."

अभिनंदन कट्ट्यावरून उतरला, शंकरच्या शेजारी गेला आणि साखळीला स्वतः हात घातला. दगडूनं जाळ ओढला. काहील कुरकुरत वर आली, बाजूला सरकली आणि झुकली. पिवळसर धार वाफ्यात पडली आणि पसरली.

दहा मिनिटं गूळ निवू दिला. केरबा फावडं घेऊन वाफ्याच्या कडेला उतरला. पहिल्या फेऱ्यांना मागं रेघ उरेना, आणि शंकरनं डोळे मिटले. केरबा फिरवत राहिला, श्वास मोजून, न थांबता. गेल्या हंगामात याच कामात तो खाली बसला होता. पंधराव्या फेरीला फावड्यामागं बारीक रेघ दिसली आणि मिटली. विसाव्या फेरीला ती राहिली. मग कडेनं रंग बदलला, दाणा धरला, आणि फावडं जड झालं. अभिनंदननं कडेचा एक तुकडा उचलला, फुंकून तोंडात टाकला, आणि जाऊन सळईची वायर काढली.

गड्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, चहा मागवा. दगडू हसत होता आणि डोळे पुसत होता, डोळ्यांत धूर गेला म्हणत. आणि नेमकी तेव्हा, सगळं साधल्यावर, केरबाला ती ओढ पुन्हा आली. चांगलं आधण निघालं की पहिला झुरका घ्यायचा ही चौतीस वर्षांची सवय होती. दुःखातली तलफ त्यानं ओळखली होती. सुखातली वेगळी निघाली. ती गुमान आली, गळ्यात हात टाकून, जुन्या दोस्तासारखी. आता काय हरकत आहे, म्हणाली.

केरबानं फावड्याची मूठ घट्ट धरली. तो फिरवत राहिला. एक फेरी, दोन, पाच. गूळ घट्ट होत होता आणि हात भरून येत होते. दहाव्या फेरीला गळ्यातला हात सैल झाला. बाराव्याला त्यानं मागं वळून बघितल्यासारखं केलं, तर तिथं कुणी नव्हतं. छाती वरखाली होत होती, पण आत हवा जात होती, पार तळापर्यंत.

त्यानं फावडं शंकरच्या हातात दिलं आणि कोपरानं कपाळ पुसलं.

"रव्यांच्या साच्यांत भरा," तो म्हणाला. "आन् पुढचा रस सोडा काहिलीत. नऊ दिस हाईत अजून, रिकामा बसलो तर मीच मला चावून खाईन."